को जागर्ति? : वैद्यकीय विद्यार्थ्यांची झोप आणि आपण

गेल्या कोजागरीला आपल्या मंडळाच्या गच्चीवर नेहमीप्रमाणे मसाला दुधाचा कार्यक्रम झाला. वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारी आपल्याच सभासदांची काही मुले-मुली त्या रात्री आवर्जून आली होती. साडेदहाच्या सुमारास, गाणी ऐन रंगात आलेली असताना, त्यांतील एक मुलगा दुधाचा पेला हातात धरून कठड्याला टेकल्या टेकल्या गाढ झोपी गेला. पेला कलंडला, दूध सतरंजीवर सांडले आणि आम्ही सारी वडीलधारी डॉक्टरमंडळी मनमुराद हसलो. "आता हा खरा डॉक्टर होणार!" असेही कोणीतरी म्हणाले.

त्या हसण्यात मीही सामील होते. घरी परतल्यावर मात्र मनात विचार आला : एखादी आई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला आपल्या दवाखान्यात घेऊन आली आणि "हा हातात पेला असताना बसल्या जागी झोपतो," असे म्हणाली, तर आपण हसलो असतो का? आपण त्याची सविस्तर हकीकत विचारली असती, हिमोग्लोबिन पाहिले असते, मनःस्थितीची चौकशी केली असती. तोच मुलगा वैद्यकीय विद्यार्थी निघाला, की मात्र तेच लक्षण आपल्याला कौतुकाचे वाटते. रुग्णाला "रात्री वेळेवर झोपा" असे दिवसातून दहा वेळा सांगणारा आपला व्यवसाय स्वतःच्या घरात मात्र जागरणालाच गुण मानत आला आहे. या लेखाचे प्रयोजन एवढेच, की हा गुण नसून दोष आहे, तो आपणच पुढच्या पिढीला वारशाने देतो आणि त्याची किंमत अखेर रुग्णालाही चुकवावी लागते, हे आपण एकदा मोकळेपणाने मान्य करावे.

बालरोगतज्ज्ञाने हा विषय का घ्यावा?

एम.बी.बी.एस.च्या प्रथम वर्षाला प्रवेश घेणारा विद्यार्थी सतरा-अठरा वर्षांचा असतो. म्हणजे कालपर्यंत तो माझाच रुग्ण होता. चौदा ते सतरा वर्षे वयाच्या मुलांना आठ ते दहा तास आणि अठरा ते पंचवीस वर्षांच्या तरुणांना सात ते नऊ तास झोप आवश्यक मानली जाते. शिवाय पौगंडावस्थेत शरीरातील जैविक घड्याळ स्वाभाविकपणेच थोडे मागे सरकते. रात्री झोप येण्याची वेळ लांबते आणि सकाळी जाग उशिरा येते. विशीच्या आसपास ते पुन्हा हळूहळू पूर्वपदावर येऊ लागते. नेमक्या याच काळात ही मुले घर सोडून हॉस्टेलवर जातात. "दिवा मालव आता" असे म्हणणारे तेथे कोणी नसते आणि सकाळी आठचे व्याख्यान मात्र चुकवता येत नाही. घड्याळ मागे सरकलेले आणि वेळापत्रक पुढे ओढणारे, या ओढाताणीत झोपेचे दोन-तीन तास रोज नाहीसे होतात.

त्यातच प्रवेशपरीक्षेच्या तयारीची दोन-तीन वर्षे त्यांनी आधीच अर्धवट झोपेत काढलेली असतात. आपल्याकडे विद्यार्थी प्रवेश घेतो, तोच मुळी झोपेचे कर्ज डोक्यावर घेऊन.

झोपेत नेमके काय घडते?

चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ म्हटले आहे. आधुनिक शास्त्राने निद्रेचे हे स्थान नाकारलेले नाही, उलट त्यामागची कारणे शोधून काढली आहेत. झ्युरिकचे अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडलेला सिद्धांत आजही मूलभूत मानला जातो. त्यांच्या मते झोप दोन गोष्टींच्या मेळातून येते. पहिली म्हणजे झोपेचा दाब. आपण जितका वेळ जागे राहतो तितका तो वाढत जातो. मेंदूत साचणारे अडेनोसिन हे या दाबाचे एक प्रमुख कारण होय. दुसरी म्हणजे मेंदूतील जैविक घड्याळ, जे प्रकाश आणि अंधार यांच्या तालावर चालते. या घड्याळाची रेणूंच्या पातळीवरील रचना उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रात्रीची झोप ही एकसंध नसते. सुमारे नव्वद मिनिटांची एक, अशी चार ते सहा आवर्तने एका रात्रीत होतात. रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात गाढ झोपेचा वाटा अधिक असतो, तर पहाटेच्या सुमारास स्वप्ननिद्रेचा. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे विशेष महत्त्वाचे आहे. दिवसभरात वाचलेले, पाहिलेले प्रथम हिप्पोकॅम्पसमध्ये तात्पुरते नोंदले जाते. गाढ झोपेत त्याची उजळणी होऊन ते मेंदूच्या बाह्यपटलात स्थिरावते. पहाटेच्या स्वप्ननिद्रेचा संबंध भावनांच्या समतोलाशीही आहे. म्हणूनच परीक्षेच्या आदल्या रात्री जो विद्यार्थी तीन वाजेपर्यंत ब्रेकियल प्लेक्ससच्या शाखा घोकतो आणि सहाला उठतो, तो वहीत लिहिलेले पुसण्याचीच व्यवस्था करतो. अभ्यास पुस्तकासमोर सुरू होतो, पण पुरा होतो तो उशीवर.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही निरोगी व्यक्तींना सलग चौदा दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोप दिली गेली. दोन आठवड्यांच्या अखेरीस त्यांची एकाग्रता आणि स्मरणशक्ती एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी घसरली होती. त्याहून चिंतेची बाब अशी, की आपली क्षमता इतकी घसरली आहे, याची त्यांना स्वतःला फारशी जाणीवच नव्हती. "मला पाच तास पुरतात," असे छातीठोकपणे सांगणाऱ्या आपल्या सर्वांना हा प्रयोग विचारात पाडणारा आहे.

झोपेची गुणवत्ता कशी मोजावी?

किती तास झोपलो, एवढ्यावरून झोपेची गुणवत्ता कळत नाही. त्यासाठी पिट्सबर्ग येथे तयार झालेली आणि १९८९ साली प्रसिद्ध झालेली एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. तीत एकोणीस प्रश्न असून ते गेल्या महिन्याभरातील झोपेविषयी असतात. झोपेविषयीचे स्वतःचे मत, झोप लागण्यास लागणारा वेळ, झोपेचे तास, अंथरुणावर घालविलेल्या वेळेपैकी प्रत्यक्ष झोपेचे प्रमाण, मध्येच येणारे अडथळे, झोपेच्या गोळ्यांचा वापर आणि दिवसा जाणवणारी ग्लानी अशा सात अंगांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण दिले जातात. एकूण गुण एकवीस. येथे गुण जितके कमी तितके चांगले. पाचाहून अधिक गुण म्हणजे झोप सदोष.

वैद्यकीय विद्यार्थ्यांवर ही प्रश्नावली वापरून आपल्या देशात आणि परदेशात पुष्कळ पाहण्या झाल्या आहेत. महाविद्यालयागणिक आकडे बदलतात. तथापि अनेक देशांतील अशा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा सुमारे निम्म्या विद्यार्थ्यांची झोप सदोष आढळली होती. वर्गातील प्रत्येक दुसरा विद्यार्थी, असा याचा अर्थ होतो.

कोजागरीनंतर दिवाळीच्या सुट्टीत माझा मुलगा घरी आला. तो दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री तीनला झोपून दुपारी बाराला उठण्याचा त्याचा क्रम पाहून मी त्याच्यापुढे ही प्रश्नावली ठेवली. त्याचे अकरा गुण झाले. मी त्याला बोल लावणार, तोच तो म्हणाला, "आई, तूही भर." मी भरली. माझे आठ झाले! मग तो म्हणाला, "हॉस्टेलवर जो अकराला झोपतो त्याला सगळे आजोबा म्हणतात. आणि तूच तर लहानपणापासून सांगत आलीस, की तुम्ही छत्तीस-छत्तीस तास न झोपता काम करायचात." यावर मला तत्काळ उत्तर सुचले नाही. त्या उत्तराकडे मी पुढे येईन.

दिनचर्येतील चोर

विद्यार्थ्यांच्या झोपेची चोरी करणाऱ्या सवयी आपल्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. त्यांमागील यंत्रणा समजली, तर त्या सोडणे थोडे सोपे जाते.

पहिला चोर म्हणजे रात्रीचा चहा-कॉफी. कॅफिन झोपेचा दाब कमी करीत नाही, ते केवळ अडेनोसिनच्या ग्राहकांवर ठाण मांडून बसते, त्यामुळे दाब जाणवत नाही एवढेच. त्याचे शरीरातील अर्धायुष्य सरासरी पाच तासांचे आहे. रात्री दहाला घेतलेल्या कॉफीतील निम्मे कॅफिन पहाटे तीन वाजताही रक्तात फिरत असते. झोप लागली तरी ती उथळ राहते. मग सकाळी ग्लानी येते, ती घालविण्यासाठी पुन्हा कॉफी, असे हे चक्र चालू राहते. हल्ली डबाबंद 'एनर्जी ड्रिंक'ची त्यात भर पडली आहे.

दुसरा चोर मोबाईल. आपल्या दृष्टिपटलात, पाहण्याच्या कामाहून वेगळ्या, काही पेशी असतात. त्यांतील मेलॅनॉप्सिन हे द्रव्य विशेषतः निळसर प्रकाशाला संवेदनशील असते. डोळ्यांपुढे प्रखर पडदा असला की या पेशी मेंदूला दिवस असल्याचे कळवितात आणि मेलॅटोनिन स्रवणे लांबते. प्रकाशापेक्षाही त्या पडद्यावरचा मजकूर अधिक घातक असतो. मित्रांचे निरोप, एकापाठोपाठ येणाऱ्या चित्रफिती, परीक्षेच्या अफवा यांमुळे मन शांत होतच नाही. पाठ्यपुस्तकाला शेवटचे पान असते. या पडद्याला नसते.

तिसरा चोर रात्रीचे खाणे. आपण इंदूरकर या बाबतीत विशेष भाग्यवान आणि तितकेच अपराधी! दिवसा सोन्याचांदीचा व्यापार करणारा सराफा रात्री खाऊगल्ली होतो. भुट्ट्याचा कीस, गराडू आणि गरम जिलबी मध्यरात्री साद घालतात. मित्रांबरोबर महिन्यातून एकदा तेथे जाण्यात गैर काहीच नाही. परंतु मेसचे जेवण टाळून रोज रात्री बारानंतर तळलेले खाण्याचा क्रम पडला, की आम्लपित्त, जडत्व आणि उशिरा झोप ही मागोमाग येतात. सकाळची न्याहारी चुकते आणि पहिले अन्न पोटात जाते ते दुपारी.

चौथा चोर रविवार. आठवडाभर सहाला उठणारा विद्यार्थी रविवारी बाराला उठतो. त्यामुळे शरीराचे घड्याळ जणू परदेशप्रवास करून आल्यासारखे गोंधळते. रविवारी रात्री झोप लागत नाही आणि सोमवारचे व्याख्यान डुलक्यांत जाते. व्यायामाचा अभाव, खोलीत सहाध्यायांचा लागलेला दिवा, पलंगावर बसूनच अभ्यास करण्याची सवय, काही ठिकाणी सिगारेट आणि मद्य, हे आणखी काही साथीदार. मद्याने झोप लवकर लागते हे खरे. पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुकड्या-तुकड्यांची होते, हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

शरीराचा हिशेब

तरुण शरीर हे सारे सोसते, असा आपला समज असतो. तो खरा नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री प्रत्येकी चार तासच झोपू दिले. तेवढ्यानेच त्यांची ग्लुकोज सहन करण्याची क्षमता लक्षणीयरीत्या घटली. २००४ सालच्या दुसऱ्या अभ्यासात, दोन रात्रींच्या अपुऱ्या झोपेनंतर तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरले आणि भूक चेतविणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढले. मध्यरात्री गोड आणि तळलेले का खावेसे वाटते, याचे उत्तर काही अंशी येथे आहे. लसीकरण हा माझ्या रोजच्या कामाचा भाग, म्हणून २००२ सालचा एक अभ्यास मला विशेष बोलका वाटतो. अपुरी झोप घेणाऱ्या तरुणांना इन्फ्लुएंझाची लस दिली, तेव्हा दहा दिवसांनंतर त्यांच्या रक्तातील प्रतिद्रव्ये पुरेशी झोप घेणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी भरली. हे अभ्यास लहान आहेत, हे मान्य. पण त्यांची दिशा एकच आहे. मधुमेहाचा वारसा घराघरांत असलेल्या आपल्या समाजाने तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

प्रश्न रुग्णाचाही आहे

आता मुलाला न दिलेल्या उत्तराकडे वळते. १९९६ साली मी एका मोठ्या शासकीय रुग्णालयात बालरोग विभागाची रेसिडेंट होते. सलग तिसाव्या की एकतिसाव्या तासाला, पहाटेच्या सुमारास, नवजात शिशू विभागात एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास मधून मधून थांबू लागला. वजन एक किलो चारशे ग्रॅम. अमिनोफायलिनची पहिली मात्रा द्यायची होती. किलोमागे पाच मिलिग्रॅम म्हणजे सात मिलिग्रॅम, आणि ॲम्प्यूलमध्ये एका मिलिलीटरला पंचवीस मिलिग्रॅम. उत्तर ०.२८ मिलिलीटर. मी केस पेपरवर लिहिले २.८. नुसते लिहिले नाही, सिस्टरना भरायलाही सांगितले.

त्या सिस्टर वयाने मोठ्या आणि मितभाषी होत्या. त्यांनी ट्रेमधील दोन मिलीची सिरिंज उचलली, क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, एवढेसे बाळ, आणि हे औषध या सिरिंजमध्ये मावतसुद्धा नाही. पुन्हा एकदा पाहता का?" मी पाहिले. दशांश चिन्ह एक घर सरकले होते. दसपट मात्रा त्या बाळाला गेली असती तर हृदयाची गती आणि झटके यांपैकी काय आवरावे लागले असते, हे येथे लिहिण्याची आवश्यकता नाही. बाळ वाचले ते सिस्टरांमुळे.

मी ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. सकाळच्या राउंडला सांगितली नाही, नंतर आमच्या गप्पांतही नाही. छत्तीस तास काम केल्याचा अभिमान मात्र मी आयुष्यभर मिरविला, विद्यार्थ्यांपुढे मिरविला, स्वतःच्या मुलापुढेही मिरविला. त्या दिवाळीत मी त्याला ती सिरिंजची हकीकत प्रथमच सांगितली आणि म्हटले, "छत्तीस तासांची गोष्ट मी तुला अर्धीच सांगितली होती."

ही केवळ माझी एकटीची चूक नव्हती, हे आता पुराव्यानिशी सांगता येते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगानुसार सतरा तास सतत जागे राहिल्यावर माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्याइतकी घसरते आणि चोवीस तासांनंतर जवळजवळ ०.१० टक्क्यांइतकी. आपल्या देशात वाहन चालविण्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे ज्या अवस्थेत आपण गाडी चालवू देणार नाही, त्याच अवस्थेतील डॉक्टरला आपण बाळाच्या मात्रेचे गणित सोडवायला बसवितो. २००४ साली अमेरिकेतील अतिदक्षता विभागांत झालेल्या अभ्यासात, चोवीस तास वा अधिक सलग काम करणाऱ्या इंटर्नकडून गंभीर चुका ३६ टक्क्यांनी अधिक घडल्या. पुढील वर्षीच्या अभ्यासात, अशा दीर्घ पाळीनंतर घरी जाताना वाहन-अपघाताचा संभव दुपटीहून अधिक आढळला. आपली मुले तर दुचाकीवर असतात.

अमेरिकेत या विषयाला तोंड फुटले ते १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन या अठरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूने. तिच्यावर उपचार करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांच्या कामाचे तास आणि त्यांच्यावरील देखरेख यांविषयी तिच्या वडिलांनी आवाज उठविला. १९८९ साली त्या राज्यात आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली आणि २००३ साली ती देशभर लागू झाली. केवळ तास कमी केल्याने सर्व प्रश्न सुटले, असेही नाही. २०११ साली इंटर्नच्या सलग कामावर घातलेली सोळा तासांची मर्यादा २०१७ मध्ये पुन्हा शिथिल करण्यात आली, कारण पाळ्या वाढल्या की रुग्ण एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती अधिक वेळा जातो आणि त्या देवाणघेवाणीतही चुका होतात. म्हणून विश्रांतीबरोबरच रुग्ण सोपविण्याची शिस्तही तितकीच महत्त्वाची.

आपल्याकडे नियम मुळीच नाहीत, असे नव्हे. केंद्र शासनाच्या १९९२ सालच्या रेसिडेन्सी योजनेत सलग काम साधारणतः बारा तासांहून अधिक नसावे आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम असावे, असे म्हटले होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ सालच्या पदव्युत्तर नियमांत 'वाजवी' कामाचे तास, 'वाजवी' विश्रांती आणि साप्ताहिक सुट्टीची तरतूद आहे. आयोगाने नेमलेल्या मानसिक आरोग्यविषयक कृतिदलाने २०२४ साली आठवड्याला कमाल ७४ तास काम आणि रोज सात ते आठ तास झोप अशी शिफारस केली. नियम आणि वॉर्ड यांतील अंतर किती आहे, हे वाचकांपैकी प्रत्येक डॉक्टर जाणतो. मी स्वतः चुकले, तेव्हा १९९२ची योजना चार वर्षांची झाली होती.

काय करता येईल?

विद्यार्थ्यांसाठी : उठण्याची वेळ निश्चित करा, रविवारीही ती तासाभराहून अधिक लांबवू नका. झोपण्याची वेळ मग आपोआप मार्गावर येते. दुपारी तीननंतर कॉफी आणि कडक चहा टाळा. मोबाईल पलंगापासून दूर, शक्यतो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि साधे गजराचे घड्याळ विकत घ्या. अभ्यास खुर्चीवर आणि झोप पलंगावर, ही फारकत पाळा. सकाळी उठताच वीस मिनिटे उन्हात चाला, जैविक घड्याळाला लागणारी किल्ली तीच. दुपारी वीस-तीस मिनिटांची वामकुक्षी घ्यावी, तासाभराची नको. पाळीच्या रात्रीपूर्वी मात्र संध्याकाळी दीड तास अवश्य झोपून घ्या. पाळी संपल्यावर दुचाकीला हात लावू नका. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक अकराला मिटा.

पालकांसाठी : "आमचा मुलगा रात्रभर वाचतो," हे वाक्य पाहुण्यांपुढे उच्चारणे सोडावे. आपण ज्याचे कौतुक करतो ते मुले वाढवितात. रात्री अकरानंतर मुलांना दूरध्वनी करू नये. घरी आल्यावर पहिले दोन दिवस त्यांना पुरेसे झोपू द्यावे, परंतु सुट्टीचा संपूर्ण क्रम उलटा होऊ देऊ नये.

आपणा ज्येष्ठांसाठी : रात्रीच्या पाळीनंतरची सकाळ मोकळी असावी. डुलकी घेणाऱ्या विद्यार्थ्याची चार लोकांत टिंगल करू नये. बालकांच्या आणि धोक्याच्या औषधांची मात्रा दुसऱ्याने तपासल्याशिवाय देऊ नये. हा नियम कनिष्ठांइतकाच आपल्यालाही असावा. रुग्ण सोपविताना लेखी टिपण असावे. ड्यूटीच्या खोलीत स्वच्छ पलंग, मच्छरदाणी आणि चालू पंखा असावा. ही चैन नसून रुग्णसुरक्षेची साधने आहेत. आणि आपल्या हातून घडलेल्या, वा घडता घडता राहिलेल्या चुका आपण विद्यार्थ्यांना सांगाव्यात. ज्येष्ठांनी आपल्या चुका लपविल्या, की कनिष्ठांना थकवा कबूल करण्याची लाज वाटते.

सवय की आजार?

येथे एक सावधगिरीची सूचना. प्रत्येक निद्रानाश हा वाईट सवयींचा परिणाम नसतो. पुरेसे तास झोपूनही ग्लानी राहत असेल, मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे असेल, तर निद्राश्वासरोधाची तपासणी करावी. रात्री पायांत अस्वस्थता जाणवत असेल तर लोहाची कमतरता पाहावी. आपल्या विद्यार्थिनींमध्ये तिचे प्रमाण कमी नाही. पहाटे फार लवकर जाग येणे, कशातही रस न वाटणे, एकटेपणा, आयुष्य संपविण्याचे विचार, ही नैराश्याची लक्षणे आहेत. तेथे झोपेचे उपदेश पुरे पडत नाहीत, मानसोपचारतज्ज्ञाकडेच जावे. शासनाची 'टेली-मानस' ही १४४१६ या क्रमांकावरील सेवा २०२२ सालापासून अशा वेळी विनामूल्य साहाय्य करते. आणि वॉर्डातील कपाटातून अल्प्राझोलाम उचलून स्वतःवर प्रयोग करणे, हा आपल्या व्यवसायातील जुना आणि न बोलला जाणारा रोग आहे. त्यावर डोळेझाक करू नये. चिवट निद्रानाशासाठी वर्तनोपचार हाच प्रथम उपचार होय, गोळी नव्हे.

समारोप

कोजागरीच्या रात्री लक्ष्मी "कोण जागे आहे?" असे विचारीत फिरते आणि जो जागा असेल त्याला प्रसन्न होते, अशी आपली श्रद्धा. ती रात्र वर्षातून एकदाच येते, यातही आपल्या पूर्वजांचे शहाणपण आहे. उरलेल्या रात्री झोपण्यासाठीच आहेत. आणीबाणीच्या रुग्णासाठी डॉक्टरने रात्री जागावे, हा आपला धर्मच आहे आणि त्यात तडजोड नाही. पण त्या जागरणाला बळ मिळते ते इतर रात्रींच्या झोपेतूनच.

पुढील कोजागरीचा कार्यक्रम आपण साडेनऊऐवजी साडेसातला सुरू करावा, अशी माझी मंडळाच्या कार्यकारिणीला नम्र विनंती आहे. मुले येतील, दूध पितील, चंद्र पाहतील आणि दहाला घरी जातील. आणि त्यांतील एखादा पुन्हा बसल्या जागी झोपलाच, तर कोणीही हसू नये. हातातील पेला अलगद काढून घ्यावा, त्याच्या अंगावर चादर घालावी आणि दुसऱ्या दिवशी त्याची नीट चौकशी करावी.